आईनं सोडलेलं सीताफळ

अंबरपेठेच्या बाजारात पिकल्या सीताफळांचा वास आला, की मला ती दुपार आठवते. दादा निजामाविरुद्धच्या लढ्यात गेला, तेव्हा तो परतेपर्यंत आईनं तिचं आवडतं सीताफळ सोडलं होतं. पुढं हैदराबाद भारतात आलं, लढ्यात गेलेली शेजारची मुलं घरी परतली; दादा आला नाही. त्या दुपारी बाबा मला इंग्रजी शिकवत होते.

"ॲब्स्टेन म्हणजे हवीशी वस्तू आपणहून न घेणं. कर वाक्य."

"आई सीताफळ खात नाही," मी म्हणाले.

बाबांनी पुस्तक मिटलं. मग एक सीताफळ फोडून त्यांनी आईपुढं ठेवलं.

"आता खा तू. त्याची वाट बघू नकोस."

आई खाणार म्हणून मी खूश झाले. तिनं ते माझ्याच हातात दिलं. मी चवीनं खात होते आणि आई पदरानं माझं तोंड पुसत राहिली.