पाठवणीचं गाणं

निरुपमा बाईदेउंकडे कुणी गेलं की पाणी विचारण्याआधी दोन्ही हातांनी पानसुपारीचं तबक पुढे यायचं. बाईदेउ म्हणजे थोरली ताई. त्या आसामच्या, नलबारीकडच्या कामरूपी. नवरा गेल्यावर इथे नेदरलँड्समध्ये, नीउ-व्हेनेपला, आमच्या शेजारी, मुलीकडे, रिमलीकडे, राहायला आल्या. रिमलीच्या लग्नाचं आमंत्रण आम्हाला फोनवर कधीच मिळालं होतं. तरी त्या तबक घेऊन दारात उभ्या. मला धाकटा भाऊ मानून मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "भाइटी, फोनवर कळवतात. बोलवायला पायानं यावं लागतं."

मग खरं काम निघालं. त्यांच्याकडे लग्नात बायका गातात. व्याह्यांची टर उडवतात, शेवटी मुलीची पाठवणी गातात. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. "आईनं मात्र पाठवणी गायची नसते. बायका गातात, म्हणून तर आईला रडता येतं. तुझी सुनीता गाईल?"

"अहो, मला आरत्यांपलीकडे काही येत नाही!" बायको आतून ओरडली.

"आवाज आहे ना? पुरे."

सुनीता रोज संध्याकाळी शिकली. मी शेजारी बसून लॅपटॉप उघडायचो. चाल कानावर पडायची, शब्द कधी धरले नाहीत.

लग्न गेमेंटच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, हॉलमध्ये झालं. साडेसहा फुटी डच जावयाला बघून बाईदेउंनी टिंगलीचं गाणं धरलं: शिडी नको आता, सुपाऱ्या काढायला जावई आणलाय! बाईदेउंकडून हिंदीत अर्थ विचारून मी तो डचमध्ये सांगितला, तर व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईदेउ हिरमुसल्या. "हसतात काय नुसते? उलट शिव्या द्यायला सांग त्यांना!"

बाईदेउ आता नाहीत. मला मात्र ती पाठवणी सोडत नाही. रिमली आर्नहेमला निघाली. दीड तासाचं अंतर, असं सगळे समजावत होते. सुनीतानं गाणं सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला ती थांबली. आमची मुलगी नुकतीच घर सोडून गेली होती. सुनीता ओक्साबोक्शी रडायला लागली. बाईदेउंनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाला ते गाणं येत नव्हतं, आणि मलाही एक शब्द येत नव्हता.

मग बाईदेउंनीच ओळ उचलली. एक हात सुनीताच्या पाठीवर फिरत होता. गाडी वळणाआड गेली तरी गाणं उरलं होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत म्हटलं. मग पदरानं डोळे पुसले, सुनीताचे.