किळसकरांचं नाक आणि रंगवलेलं विमान

विमानाजवळ गेले की किळसकर आधी त्याला हात लावत नसत. दार उघडायचं, मान आत घालायची, डोळे मिटायचे आणि एक लांब श्वास ओढायचा. मग त्यांचं तोंड असं काही वाकडं व्हायचं, की जणू कुणी आंबलेली आमटी पुढ्यात ठेवलीय. आणि मग तो शब्द यायचा. "शी!" एवढं झाल्यावरच पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर बाहेर निघायचा.

किळसकर हे त्यांचं आडनाव नव्हतं. आमच्या कृष्णाकाठच्या धावपट्टीवरच्या पोरांनी ते त्यांना चिकटवलं होतं, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. आटपाडीकडचा, पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेल्या घरातला हा माणूस. हवाई दलात उभी हयात विमानं दुरुस्त करण्यात गेली, वर लायसन्सधारी इंजिनिअर, आणि त्या लायसन्सचा तोराही चांगला ढीगभर. निवृत्तीनंतर ते आमच्याकडं लहान विमानांची देखभाल करायचे आणि दिवसभर किळस करायचे. हॉटेलातल्या कपाची किळस, म्हणून स्वतःचं स्टीलचं भांडं पिशवीत. हस्तांदोलनाची किळस. गळिताच्या हंगामात साखर कारखान्याची काजळी पंखांवर येऊन बसली की ती ते स्वतः पुसायचे आणि धुराड्याकडं बघून असं काही बोलायचे, की मला ते इथं लिहिता येणार नाही.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती गरजेपोटी. वैमानिकाचं लायसन्स घेऊन मी घरी बसले होते. मोठ्या कंपन्या दारात उभं करत नव्हत्या आणि गावात जो तो विचारत होता, "काय गं, इमान कुठं लावलंस?" माझे वडील, म्हणजे आबा, लष्करातून सुभेदार होऊन आलेले, ऊसवाले, डोक्यानं तिरसट. ते एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, "तुला कोण इमान देत न्हाई न्हवं? मग आपणच घिऊ. जुनं घिऊ. तू हितल्याच पोरापोरींना शिकीव." आई ताटावरून उठूनच गेली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. ते विमान मिळालं तर मी उडणार होते, नाहीतर उसाच्या फडावर मजुरांचा चहा करायचा, एवढं सरळ होतं.

आम्ही किळसकरांकडं गेलो. "कसलं घेताय, नवं का वापरलेलं?" त्यांनी विचारलं.

"वापरलेलं," आबा म्हणाले.

"शी!" असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पिशवी घेऊन आमच्या दारात हजर.

पुढचे काही दिवस त्यांनी माझी शिकवणी घेतली. "पायलटीणबाई, उडालेलं इमान घ्यावं, हुबं ऱ्हायलेलं घेऊ नये," हे त्यांचं पहिलं वाक्य. जास्त तास उडालंय म्हणून लोक घाबरतात आणि कमी उडालेलं बघून भुलतात. उभ्या इंजिनाला आतून गंज चढतो, पंखात उंदीर संसार थाटतात, टाकीत पाणी साचतं. विमानाचे कागद आधी मागायचे, आणि सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर विक्रेत्याचा चहासुद्धा घ्यायचा नाही. गालिचा उचलून खालचा पत्रा बघायचा. इंजिनाच्या तेलाची गाळणी कापून तिच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर उलगडायच्या. धातूचा कीस चकाकला तर गपचूप घरी यायचं. आणि ताजा रंग दिसला की जास्तच सावध व्हायचं. "बाजारात बैलाची शिंगं रंगवत्यात ते काय बैलाला हौस म्हणून व्हय?"

हॉटेलातला कप तोंडाला न लावणारा हा माणूस विमानाच्या पंखाखालून बोट फिरवून ते सरळ जिभेला लावायचा, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "खारट लागलं म्हंजे समुद्राकडंला ठेवलेलं. मिठानं पत्रा खाल्लेला असतोय," ते म्हणाले, आणि थुंकले.

एका विमानाचा पत्ता लागला. किनाऱ्याजवळच्या एका शहरात, चार आसनी, पंख डोक्यावर असलेलं. आम्ही तिघं गेलो. विकणारा एजंट स्वतःच वैमानिक होता, काळा गॉगल, सेंटचा घमघमाट. विमान पांढरंशुभ्र, वर निळा पट्टा, नवरीसारखं सजवून उभं. आबा त्याच्याकडं बघत जे उभे राहिले ते हललेच नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सुभेदाराच्या डोळ्यांत!

किळसकरांनी मान आत घातली. "शी! अत्तर मारलंय आत." एजंट हसला. म्हणाला, विमान आत्ताच उत्तरेतून, कोरड्या हवेतून आणलंय. किळसकरांनी पंखाखालून बोट फिरवलं, जिभेला लावलं. "खारट." एजंट हसायचा थांबला. गाळणी स्वच्छ निघाली, इंजिन गोड आवाजात चाललं, कागदांत म्हणण्यासारखं काही सापडलं नाही. राहिलं फक्त डाव्या पंखाच्या खालच्या बाजूचं एक गोल झाकण. त्याच्या स्क्रूंवरून नवा रंग फासलेला. किळसकरांनी चाकू काढला तसा एजंट आडवा आला. "रंगाला ओरखडा पडेल साहेब. सौदा झाल्यावर खुशाल उघडा."

"उघडल्याबिगर सौदा न्हाई."

"अहो, तुमच्यासारखी माणसं विश्वास ठेवत नाहीत म्हणून तर देशाचं असं झालंय," एजंट आबांना म्हणाला. सैनिकाला देशाचं नाव सांगितलं की काय होतं, हे त्या लुच्च्याला नेमकं माहीत होतं. मला त्याची तेव्हाही शिसारी आली होती, आजही येते.

आणि आबांनी करायला नको तेच केलं. घरून पिशवीतून त्यांनी हळद-कुंकू, हार, नारळ, उदबत्त्या सगळं आणलेलं होतं. आमच्याकडं ट्रॅक्टर येवो नाहीतर शिलाई मशीन, पूजा झाल्याशिवाय चाक हलत नाही. त्यांनी विमानाच्या नाकावर कुंकवाची पाच बोटं ओढली, पंख्याला हार घातला, चाकापाशी नारळ फोडला. मी तोंड उघडेपर्यंत सगळं उरकलंसुद्धा. आणि म्हसवडच्या जनावरांच्या बाजारात हयात घालवलेल्या आमच्या घराण्यात कुंकू लावलं की शब्द गेला. मग मागं फिरणं नाही.

"आवं सुभेदार, हळद लावली म्हंजे लगीन लागलं व्हय?" किळसकर ओरडले. "काय तुमची ही बुद्धी! शी, शी, शी!"

"तोंड सांभाळून बोला," आबा म्हणाले. "आमी शब्द दिलाय."

दोघांचं तोंड दोन दिशांना. एजंटनं संधी साधून मला म्हटलं, चला मॅडम, एक चक्कर मारून बघा, मग तुमच्या काकांचाही राग जाईल. हार उतरवला. किळसकर रागातही माझ्या मागं आले आणि बजावलं, "पूजेनंतर इमानाभवती परत फेरी मार, समदं तपास. आन् धावायला लागलं की पयली नजर वेगाच्या काट्यावर. काटा मेला तर आपण जित्तं असताना थांबायचं. शेजारचा काय का बोलंना." मी फेरी मारली, सगळं ठीक दिसलं. एजंट शेजारी बसला. विमान धावपट्टीवर सुसाट सुटलं, कडेचं गवत मागं पळायला लागलं, आणि माझी नजर काट्यावर गेली. काटा शून्यावर. ढिम्म.

"चलो चलो, कुछ नहीं होता, पुराना काटा है!" एजंट म्हणाला. माझ्या कानात मात्र दुसराच आवाज होता. मी इंजिनाचा जोर कमी केला, ब्रेक दाबले. धावपट्टी संपायला थोडीच राहिली असताना विमान थांबलं. मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. न थांबता वर गेले असते तर वेग किती हे न कळता उतरावं लागलं असतं. अनोळखी विमानात, परक्या धावपट्टीवर. त्यातून काय झालं असतं याचा विचार मी अजून करत नाही.

वेग मोजणारी बारीक नळी डाव्या पंखाखाली असते, पुढं भोक असलेली. किळसकरांनी तिला नाक लावलं. हुंगलं. मग आबांकडं वळून बघितलं. "चंदन."

आबांनी एक उदबत्ती त्या भोकात खोचली होती! देवापुढं कुठं भोक दिसलं की उदबत्ती खोचायची, केळ्यात खोचायची, पेरूत खोचायची, हाच हात जन्मभर वळलेला. हार उतरवताना त्यांनी काडी ओढून काढली, पण टोक आत मोडून बसलं, बाहेरून काही दिसत नव्हतं. आबांचा चेहरा राखेसारखा झाला. ते खाली जमिनीवरच बसले. "माझ्या हातनं पोरगी गेली आस्ती," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

किळसकर आता त्यांना सोलून काढणार, असं मला वाटलं. त्यांनी मात्र शांतपणे चाकू काढला आणि एजंटला म्हणाले, "नळी मागनं साफ करावी लागणार. हे झाकण आता उघडावंच लागतंय, काय करता?"

एजंटला 'नाही' म्हणायला जागाच उरली नव्हती. रंग कराकरा कापला गेला, झाकण खाली आलं, आणि त्याच्यामागून जे काही सांडलं ते आठवलं की आजही जेवण जात नाही. वाळलेलं गवत, प्लास्टिकच्या चिंध्या, लेंड्या, मेलेल्या पिल्लाचं कातडं. वास असा की एजंटचं सेंटसुद्धा हरलं. किळसकरांनी बॅटरी लावून आत आरसा धरला. उंदरांच्या मुतानं पंखाचा मुख्य आडवा पत्रा खाल्लेला होता. त्यावर पांढरी भुकटी धरली होती आणि त्याचे पापुद्रे सुटले होते. त्यांनी बोटानं नुसतं दाबलं आणि एक तुकडा पापडासारखा तुटून हातात आला. त्या पंखावर मी धावत होते. त्याच पंखावर पोरांना शिकवणार होते.

"या, सुभेदार. हात घाला आत," किळसकर म्हणाले.

आबांनी हात घातला, काढला, वास घेतला. तरी म्हणाले, "पण नारळ फोडलाय. शब्द दिलाय मी."

"शब्द माणसाला देत्यात सुभेदार," किळसकर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ होता, "उंदराच्या मुताला न्हाई."

आबा खांद्यावरचा टॉवेल काढून विमानाच्या नाकाशी गेले आणि कुंकवाची पाचही बोटं पुसून टाकली. आमच्याकडं कुंकू पुसणं म्हणजे काय, ते सांगायला नको. एजंट काहीबाही बडबडत होता, पण त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. परतीच्या वाटेवर गाडीत किळसकरांनी फोडलेला नारळ चाकूनं कोरून खाल्ला, आम्हालाही दिला. "नारळ मातर चांगला निघाला," ते म्हणाले. त्या दिवसातली त्यांची ती एकच स्तुती.

पुढं बऱ्याच शोधानंतर दुसरं विमान मिळालं. रंग उडालेला, गादी फाटलेली, दिसायला अगदी भिकार. किळसकरांनी मान आत घातली, श्वास ओढला. आम्ही वाट बघतोय, पण 'शी' येईना. सगळी झाकणं उघडून झाली, गाळणी कापून झाली, बोट चाटून झालं. शेवटी ते उजवीकडच्या आसनावर जाऊन बसले आणि त्यांनी पट्टा लावला. हा माणूस लहान विमानात कधीच बसत नसे. "मला आतलं माहीत हाय," म्हणायचा. आबांनी माझ्याकडं बघितलं. सौदा झाला होता. उदबत्ती त्यांनी पार कुंपणापाशी जाऊन लावली.

एकदा मी त्यांना आटपाडीवरून फिरवून आणलं. खाली त्यांचं शिवार, वडील मेंढरं घेऊन फिरायचे तो माळ, त्यांचं घर. ते काचेला नाक लावून बघत होते, डोळे भरून आलेले. आता काहीतरी छान बोलतील म्हणून मी वाट बघत होते. "शी," ते म्हणाले, "वढ्यात काय प्लॅस्टिक टाकलंय रांडेच्यांनी!"

मागच्या वर्षी ते गेले. झोपेतच गेले, दवाखान्याच्या चादरीला अंग लागू दिलं नाही. धावपट्टीवर शोकसभा झाली. आबांनी फोटोपुढं उदबत्ती लावली, घरून मुद्दाम आणलेल्या पितळी घरात, आणि लावण्याआधी त्या घराचं भोक उजेडात धरून बघितलं. मग भाषणं सुरू झाली. आणि गॉगल लावून तोच एजंट उभा राहिला की हो! म्हणाला, "ते फार गोड स्वभावाचे होते. कधी कुणाच्या विमानाला वाईट म्हणाले नाहीत."

मी उठून उभी राहिले. गप्प बसावं असं वाटलंच नाही.

"शी!" मी म्हणाले, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

माना वळल्या. एजंट अडखळला आणि खाली बसला. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही, फोटोकडं बघितलं, आणि माझा हात घट्ट धरला.