वरकुट्याची रायफल आणि करडईचं तेल

रॉड निम्म्यातच थांबला. मी जरा दाबून पाहिला. आत काहीतरी मऊ लागलं. दाबलं की दबायचं आणि सोडलं की पुन्हा फुगायचं. गंजलेल्या नळीत रॉड अडकतो तेव्हा हाताला खरखर लागते, तशी ही खरखर नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझा पंजा बरोबर नळीच्या तोंडासमोर आहे. मी तो सावकाश बाजूला घेतला.

“तात्या, रायफल रिकामी आहे ना?”

“रिकामीच हाय की. वरीस झालं, खुंटीवरनं कुणी खाली काढली न्हाय.”

तात्या म्हणजे वरकुट्याचे शेतकरी. साठी उलटलेले, डोक्याला पटका, बोलणं कमी. पूर्वी घरात मोठं खांड होतं, शे-दीडशे मेंढरं. लांडग्याच्या भीतीनं त्यांच्या थोरल्या भावानं, आबांनी, तीनशे पंधरा बोअरची रायफल घेतली होती. मेंढरं गेली, ऊस आला, रायफल राहिली. आबा वारले. आता लायसन तात्यांच्या नावावर व्हायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी इंदापुरात हत्यार दाखवायचं होतं. गंजकं हत्यार कसं न्यायचं, म्हणून बापलेक सकाळीच मोटारसायकलवरून बारामतीला आले होते. मुलगा दत्ता पुढे, तात्या मागे, मध्ये घोंगडीत गुंडाळलेली रायफल.

मी फौजेत आर्मरर होतो, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा. पेन्शनवर आल्यावर बारामतीत विनायकरावांच्या दुकानात लागलो. लायसनच्या बंदुकांची दुरुस्ती हे दुकानाचं काम. बँकेचे गार्ड, कारखान्याचे वॉचमन, बागाईतदार हे गिऱ्हाईक. सगळे मला हवालदार म्हणत. दसरा होऊन गेला की दुकानात गर्दी असे, कारण खंडेनवमीला बाहेर काढलेली हत्यारं पाहून लोकांना त्यांचा गंज आठवायचा.

नळी साफ करणं म्हणजे रॉकेलची चिंधी फिरवणं, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नसतं. नळीत घाण वेगवेगळी बसते आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. दारूची काजळी रॉकेलनं निघते. गोळीवरच्या तांब्याचा थर रॉकेलला दाद देत नाही, त्याला अमोनिया लागतो. नाक जळतं, डोळ्यांतून पाणी येतं आणि चिंधी निळी होऊन बाहेर येते. तिसरी घाण दिसतच नाही. जुन्या काडतुसाच्या टोपीतला मसाला जळला की मागं मीठ राहतं. मीठ तेलात विरघळत नाही हे स्वयंपाकघरातल्या कुणालाही ठाऊक आहे, पण बंदूकवाल्यांना पटत नाही. ते वरून तेल फासतात आणि आतून नळी सडते. त्याला उपाय एकच, उकळतं पाणी. नळीतून किटलीभर ओतायचं, नळी तापते, ओल आपोआप उडते, मग चिंधी, मग तेल.

त्या दिवशी माझी किटली स्टोव्हवर चढलेली होती.

खरं तर रॉड मागच्या बाजूनं, बोल्ट काढून घालायचा असतो. बोल्ट म्हणजे मागची लोखंडी कडी, जी मागं ओढून काडतूस भरतात. तोंडाकडून रॉड घातला तर नळीची कड झिजते आणि नेम बिघडतो. पण या रायफलीचा बोल्ट हलतच नव्हता. तात्या रिकामी म्हणाले, मी रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात, आवळली आणि तोंडाकडून सुरुवात केली. पुढचं वर सांगितलंच.

रॉडच्या टोकाला मळसूत्री आकडी लावली. आतल्या वस्तूत फिरवून हळूच ओढली. बोळा बाहेर आला. धोतराच्या फडक्याचा, तेलकट आणि हळदीनं पिवळा.

“हा कुणी घातला?”

“आबानं,” तात्या म्हणाले. “गेल्या सालच्या नवमीचा आसंल. पूजा झाली की नळीत वारं जाऊ ने म्हणून घालायचा.”

मी रॉड पुन्हा आत सोडला. आता पंजा बाजूला ठेवून, दोन बोटांच्या चिमटीत. रॉड पुष्कळ आत गेला आणि थांबला. या वेळी टक्क आवाज आला. मी रॉडवर नखानं खूण केली, बाहेर काढला आणि नळीच्या अंगाला लावून धरला. रिकाम्या रायफलीत रॉड बोल्टपर्यंत पोचतो. हा चार बोटं अलीकडेच थांबला होता. काडतूस साधारण तेवढंच असतं.

“तात्या, पूजेत अजून काय करायचे आबा?”

तात्यांनी दत्ताकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, “आमच्यात रिकामं हत्यार पुजत न्हाईत. देवाम्होरं रिकामं ताट ठिवतो का आपुन? काडतूस घालूनच पुजायचं. दसऱ्याला सोनं लुटून माघारी आलं की आबा सोता काढायचा.”

“गेल्या वर्षीच्या दसऱ्याला काढलं?”

दत्ता म्हणाला, “दसऱ्याच्या दुपारीच आबांना झटका आला. दवाखान्यात नेलं. पुन्हा घरी आलंच न्हाईत. यंदा पूजाच केली न्हाय.”

मला घाम फुटला. फौजेत इतकी वर्षं काढली, पण असा घाम फुटल्याचं आठवत नाही. तिथं समोर शत्रू असेल हे गृहीत असतं. इथं व्हाइसमध्ये आवळलेल्या नळीसमोर चार इंची विटांची भिंत होती आणि भिंतीपलीकडं पिठाची गिरणी. गिरणीचा पट्टा फटफटत होता आणि डबे घेऊन बसलेल्या बायकांच्या गप्पा मला ऐकू येत होत्या. रायफलची गोळी असल्या भिंतीला जुमानत नाही.

मी पहिल्यांदा स्टोव्ह विझवला. मग विनायकरावांना बोलावलं.

“शेजारची गिरणी मोकळी करा.”

“काय झालं?”

“भरलेली आहे.”

विनायकराव शहाणा माणूस, पण घाईचा. “मग काढा की. बोल्टला एक लाकडी हातोडा हाणा, उघडेल.”

“शेठ, मी हातोडा हाणणार नाही. तुम्हालाही हाणू देणार नाही.”

“आणि गिरणीवाल्याला काय सांगू?”

“काहीही सांगा. लाइट गेली म्हणा.”

“लाइट असताना?”

“मग मेन स्विच पाडा आणि सांगा.”

ते गेले. थोड्या वेळानं पट्टा थांबला. बायकांचा आरडाओरडा झाला, डब्यांचा खडखडाट झाला आणि मग भिंतीपलीकडं शांत झालं. त्यानंतरच मी व्हाइसचा दांडा सैल केला. मागच्या अंगणात रेतीचं पिंप होतं, ते अशाच कामासाठी. रायफल दोन्ही हातांवर घेऊन मी अंगणात गेलो. निजलेलं तान्हं बाळ नेतात तसं नेलं. नळीचं तोंड रेतीत खुपसलं नाही, कारण तोंड बुजलेलं असताना बार झाला तर नळीच फुटते. रेतीच्या वीतभर वर धरून रायफल लाकडाच्या घोडीवर बांधली.

आता उजेडात बोल्ट नीट दिसला. गंज फारसा नव्हताच. लोखंडावर पिवळसर, चकचकीत थर होता, दारावरच्या व्हार्निशसारखा. नख लावलं तर नख घसरलं.

“पूजेला तेल कुठलं लावता?”

“घरच्या करडईचं. घाण्याचं.”

तिथं सगळा उलगडा झाला. करडईचं तेल भाजीत उत्तम, पण उघड्यावर राहिलं की वाळून रोगण होतं. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या बुधल्यावर जो चिकटा बसतो आणि राखेनंही निघत नाही, तोच हा. आबांनी दर नवमीला भक्तिभावानं नवा थर चढवला होता.

असलं वाळलेलं तेल काढायला उत्तम औषध म्हणजे धुण्याच्या सोड्याचं उकळतं पाणी. पण आत काडतूस असताना नळी तापवायची माझी छाती नव्हती. रॉकेल या थराला मऊ करेल, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत. पेट्रोल या थराला लावून उपयोग नाही आणि पेटण्याची भीती वेगळीच. राहता राहिला रंगाच्या दुकानातला थिनर. मी विनायकरावांना थिनर आणायला पाठवलं. तेल आत झिरपलं की काडतूस मरतं, म्हणजे उडत नाही, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यानं असा बोल्ट स्वतः उघडून बघावा.

थिनर आला. मी ड्रॉपर भरला, बोल्टजवळ नेला, आणि तिथंच थबकलो.

बोल्टच्या मागच्या टोकाला एक घुंडी असते. काडतुसाच्या टोपीवर आदळणारी जी सुई, ती आतून या घुंडीला जोडलेली. रायफल सज्ज असली की घुंडी पूर्ण मागं असते. चाप ओढला की स्प्रिंगच्या जोरावर पुढं आदळते. ही घुंडी मागंही नव्हती आणि पुढंही नव्हती. मधेच कुठंतरी उभी होती.

म्हणजे कुणीतरी चाप ओढला होता. सुई निघाली होती, आणि करडईच्या चिकट्यात वाटेतच रुतली होती. मागून स्प्रिंग अजून दाबत होती. तो चिकटा विरघळवायचं औषध माझ्या हातात होतं. एक थेंब आत गेला असता, तर राहिलेलं अंतर सुईनं आपणहून कापलं असतं.

मी ड्रॉपर खाली ठेवला.

“चाप कुणी ओढला?” मी विचारलं.

दत्ता अंगणाच्या दारात उभा होता. “म्या. सकाळी. चालतीया का बघितलं. खट्ट बी वाजलं न्हाय, म्हून तर हितं आणली.”

“बाहेर जा. दोघंही.”

दत्ता गेला. तात्या हलले नाहीत. “आबाचं हत्यार हाय. मी हितंच बसतो.”

“तात्या, हे सुटलं तर...”

“तुमी न्हाय का बसलाय?”

वाद घालायला माझ्यात त्राण नव्हतं. मी त्यांना माझ्या मागं, भिंतीला टेकून बसवलं.

आता क्रम महत्त्वाचा होता. आधी घुंडीला पुढं जाण्यापासून अडवायचं, मग थिनर. पितळेची पट्टी कानशीनं घासून मी पातळ पाचर केली. पितळ अशासाठी, की लोखंडावर घासलं तर ठिणगी पडत नाही. घुंडीच्या पुढं जी फट होती, तीत पाचर अंगठ्यानं दाबायची होती. ठोकायची सोय नव्हती. अंगठा लावला आणि घुंडी किंचित हलल्यासारखी वाटली. खरंच हलली की माझाच अंगठा थरथरला, ते आजही सांगता येणार नाही. मला फार भीती वाटली. मागून तात्यांचा खंडोबाच्या नावाचा पुटपुटता आवाज येत होता. मी देवाचं नाव घेतलं नाही, कारण श्वास सोडायचं धाडस होत नव्हतं.

पाचर बसली.

मग थिनर थेंबाथेंबानं. थर आधी पांढुरका झाला, मग सुटून चिकट पिवळं पाणी ओघळलं. पुसायचं, पुन्हा थेंब, पुन्हा पुसायचं. घुंडी थोडी सैल झाली तशी मागं ओढून जाड पाचर घातली. चाप घुंडीला मागं अडकवून ठेवतो म्हणतात, पण तोही त्याच तेलात माखलेला, त्याच्यावर कसला भरवसा. शेवटी घुंडी पूर्ण मागं आली. मी बोल्टचा दांडा तळव्यानं वर उचलला. करकरत उठला. मागं ओढला.

काडतूस बाहेर आलं आणि खाली पसरलेल्या घोंगडीवर पडलं. पितळ हिरवं पडलेलं, टोपी मात्र स्वच्छ, एक ओरखडाही नाही. सुई तिथवर पोचलीच नव्हती.

तात्यांनी ते उचललं नाही. नुसतं बघत राहिले.

त्यानंतर मी स्टोव्ह पुन्हा पेटवला आणि जे सकाळी करायचं होतं ते केलं. किटलीभर उकळतं पाणी, चिंध्या, अमोनिया, पुन्हा चिंध्या, शेवटी बंदुकीचं पातळ तेल. नळी आतून बरी निघाली. हात मात्र संध्याकाळपर्यंत थिनरचा आणि भीतीचा वास देत होते. गिरणी सुरू झाली आणि विनायकरावांना गिरणीवाल्याच्या शिव्या खाव्या लागल्या.

रायफल घोंगडीत गुंडाळताना मी तात्यांना म्हटलं, “रिकामं पुजायचं नसेल तर उडवलेल्या काडतुसाची पुंगळी घाला. देवाला चालेल.”

“चालंल,” तात्या म्हणाले.

दत्ता मोटारसायकलवर बसला होता, पण किक मारत नव्हता. मी जवळ गेलो. त्याचे डोळे लाल झाले होते.

“हवालदार, एक इचारू? त्ये तेल नसतं तर सकाळीच बार झाला असता?”

“झाला असता.”

त्यानं बापाकडं पाहिलं. तात्या पटका नीट करत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. दत्ता आवाज खाली आणून म्हणाला, “मी वसरीवर हुतो. नळी समदी सरळ धरलेली. तात्या म्होरंच बसलं हुतं, च्या पीत.”

तात्यांना मी ते सांगितलं नाही. दत्तानं सांगितलं असेल तर मला माहीत नाही.

तेव्हापासून कुणी ‘रिकामी आहे’ म्हणालं, की मी ती भरलेली धरूनच हात लावतो. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो, की हत्याराला करडईचं तेल लावू नका, यंत्र चिकटतं. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. फक्त वरकुट्याचं कुणी समोर असलं, की तो देताना माझी जीभ जरा अडखळते.