पाचव्या एकानंतरचं शून्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, आईला तर नाहीच. आणि आधीच सांगून टाकतो, त्या दिवसाची आठवण आली की अजून छाती फुगते. काय करू, फुगते!

मी सातपाटीचा. बोईसरला एका छोट्या कंपनीत सी भाषेत प्रोग्राम लिहितो. कारखान्यातल्या टाक्यांचं तापमान मोजणारी यंत्रं आम्ही बनवतो. टाकीजवळचं यंत्र एक आणि शून्यांची माळ करून ते आकडे तारेवरून कंट्रोल रूमला पाठवतं. माळ संपली हे कळावं म्हणून शेवटी एक ठरलेली खूण — शून्य, सहा एक, शून्य. आता आकड्यांतच लागोपाठ सहा एक आले तर? म्हणून पाच एक झाले की एक शून्य घुसवायचं, आणि पलीकडच्या प्रोग्रामने ते काढून टाकायचं. याला बिट स्टफिंग म्हणतात. मी ते लिहिलं होतं, अगदी झोकात.

तरी मधूनच एखादी माळ गायब व्हायची. साहेब चिडले. मी म्हणालो, तारांची जोडणी कच्ची असणार. प्रोग्राम पुन्हा उघडूनही न बघता म्हणालो — का? कारण तो माझा होता. जोडणी करायची कुंभवलीची मनीषा. आमच्यात तिच्याइतका स्वच्छ हात कुणाचा नव्हता. तिने सोल्डरिंगचे सगळे सांधे तीनदा नव्याने केले. माळा हरवतच राहिल्या, आणि साहेबांनी तिला काढलं.

त्याच रविवारी घरी गेलो. आई ओट्यावर सुक्या बोंबलांच्या टोपल्या मोजत होती. पाच टोपल्या झाल्या की एक शिंपली बाजूला, ही तिची कायमची रीत. शेवटची टोपली नेमकी पाचवी निघाली. पुढे मोजायला काही उरलं नव्हतं, तरी तिने शिंपली ठेवली. मी हसलो — आता कशाला?

"पाच झाले ना? मग पुढं टोपली असो नायतर नसो."

मी ताडकन उठलो! माझा प्रोग्राम पुढचा बिट, म्हणजे पुढचा एक किंवा शून्य, आला तरच शून्य घुसवत होता. माळ पाच एकांवरच संपली, तर शून्य राहूनच जायचं. मग पलीकडचा प्रोग्राम शेवटच्या खुणेतलंच पहिलं शून्य काढून टाकायचा, खूण मोडायची, आख्खी माळ वाया. तीन ओळींची जागा बदलली — मोजणी पाचवर गेल्या गेल्या शून्य — बस! सोमवारी यंत्र लावलं. दिवसभर एकही माळ हरवली नाही. आठवडाभर नाही! कंट्रोल रूममध्ये टाळ्या पडल्या, साहेबांनी पेढे मागवले. जिंकलो होतो मी, खरोखर जिंकलो होतो.

साहेबांनी विचारलं, काय केलंस? मी म्हणालो, जोडणी कच्ची होतीच, पण मी प्रोग्राममधूनच तोड काढली. एवढं सफाईने खोटं — आणि तेही तोंडात पेढा असताना.

गेल्या महिन्यात मनीषा बाजारात भेटली. आता कुठेतरी खोकी भरायचं काम करते. यंत्र नीट चालल्याचं तिच्या कानावर आलं होतं, आणि तिला मनापासून आनंद झाला होता.

"बरं झालं, तुमी सांभाळून घेतलंत," ती म्हणाली. "माजं कुठं चुकलं तेच कळलं नाय. परत सोल्डरिंगला हात लावायची हिंमतच नाय झाली."

तिचं कुठेच चुकलं नव्हतं. मी तिला म्हणालो, होतं असं कधी कधी.