आग डोंगराच्या अलीकडे आली तेव्हा

जाम गावच्या चौकात नागपूरच्या गाडीची वाट पाहत आम्ही तिघं उभे होतो. बाबा त्या दिवशी वांग्याच्या तोडणीला गेले नव्हते. माझ्या जाण्याबद्दल त्यांनी एवढंच काय ते दाखवलं. गाडी दिसली तशी आई म्हणाली, "काई झालं तं सांगत जाजो. लपवू नोको." मी हो म्हटलं, आणि कॅनडात शिकायला पोचले त्या पहिल्या आठवड्यापासून लपवायला लागले. थंडी, एकटेपणा, नापास झालेला पेपर. तुमच्यापैकी जे बाहेर पडले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिथल्या माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात, मी राहत होते त्या गावामागचं जंगल पेटलं. चार दिवस आभाळ तांबूस होतं, अंगणातल्या खुर्च्यांवर राख साचायची. सामान बांधून ठेवा, असा इशारा आला होता. घरी मात्र मी फोनवर म्हणायचे, जरा धूर आहे.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाला मोबाईल किंचाळला: ताबडतोब निघा. मी मार्गारेटबाईंच्या तळघरात भाड्याने राहत होते. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, त्याच आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. गाडी त्यांची, पण चालवणार कोण? माझ्याकडे शिकाऊ लायसन्स होतं. दुकानाच्या पार्किंगमध्ये त्यांनीच मला चार वेळा शिकवलं होतं. त्याआधी मी फक्त बाबांचा ट्रॅक्टर चालवलेला. बाई गेलेल्या नवऱ्याचा कोट हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. "तू जा, मी शेजाऱ्यांबरोबर येईन," म्हणाल्या. शेजारी केव्हाच गेले होते. मी त्यांचा दंड धरून त्यांना गाडीत बसवलं.

गावाबाहेर पडायला रस्ता एकच. उजवीकडच्या उतारावर झाडं माथ्यापासून पेटत खाली येत होती आणि गाड्यांची रांग जेमतेम सरकत होती. तेवढ्यात आई-बाबांचा फोन आला. तिकडे सकाळचे साडेसहा. बाईंनी स्पीकर लावून फोन धरला.

"मागं भोंगे काऊन वाजून राह्यले?" आईने विचारलं. "रेणू, खरं सांग."

मी सांगितलं, सगळं एका दमात. मग बाबांचा आवाज आला, "समोरच्या गाडीचा लाल दिवा पाय. डोंगराकडे पाऊ नोको."

"बाबा, धुरात काही दिसत नाही."

"लाल दिवा दिसते ना? मंग तेवढाच पाय."

फोन तुटला. पुढचे दोन तास मी तेवढाच पाहिला. बाई खोकत होत्या, पण त्यांचा हात माझ्या खांद्यावरून निघाला नाही.

शेजारच्या शहरातल्या क्रीडागृहात आमची नावं लिहून घेतली. "तुम्ही एकमेकींच्या कोण?" टेबलावरच्या माणसाने विचारलं. मी भाडेकरू म्हणणार, तोच बाई म्हणाल्या, "एकाच घरातल्या."

तिथून फोन लागला. पहिल्याच रिंगला आईने उचलला आणि नुसती रडली. मघाचा फोन तुटल्यापासून दोघंही शेताच्या बांधावरून, रेंज येते त्या जागेवरून, हलले नव्हते.

आमचं घर वाचलं. मागच्या दोन गल्ल्या जळाल्या. बारा दिवसांनी परतलो, तेव्हा बाईंनी माझं सामान तळघरातून वरच्या खोलीत आणायला लावलं.

गावी कधी येणार, हे आईने विचारणं सोडलेलं नाही. पण आता फोन उचलला की तिचा पहिला प्रश्न असतो, "जेवल्या काय तुमी दोघी?"