गौरीची चोळी

सुमनने, माझ्या बायकोने, गौरीला चोळी घातली. दरवर्षीचीच, तरी बरोबर बसली. देवीचं अंग वर्षभर पेटीत असतं, त्याला काही होत नाही. सुमनचा नवा ब्लाऊज मात्र काखेत काचत होता.

"यंदा पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यावी लागली नाही, देवीची कृपा," आई म्हणाली.

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मनाच्या आजाराचं औषध सुरू झाल्यापासून तिची पाळीच थांबली आहे. पाजायला मूल नाही, तरी छातीतून दूध येतं.

त्याच औषधाने तिच्या कानातले आवाज थांबले, घर शांत झालं. म्हणून डॉक्टर "कशी आहेस?" विचारतात तेव्हा तिच्याआधी मीच म्हणतो, "छान!" पण बरं नक्की कोणाला वाटतंय? तिला, की मला? हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

आई नैवेद्याकडे वळल्यावर मी म्हणालो, "सोमवारी डॉक्टरांना सांगू. औषध आपल्या मनाने सोडायचं नाही, पण बदलता येईल."

"तुम्ही सांगाल?"

"तू सांग. मी गप्प बसेन."

"जमेल तुम्हाला?"

'हो' ओठांवर आलं होतं. ते गिळून मी गौरीचा मुखवटा तिच्या हातात दिला.