गुळाशिवायचे लाडू

माझं दुसरं बाळंतपण सत्तरच्या दशकातलं, कर्जतच्या दवाखान्यातलं. सातव्या महिन्यात लघवीत साखर निघाली होती. मुलगी झाली ती चांगली सव्वानऊ पौंडांची. बायका कौतुक करत होत्या, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे बाळसं साखरेचं. माझी साखर आता उतरेल, तरी पुढं जपायला हवं. गोडधोड बंद आणि मुलीला अंगावरच पाजायचं.

दहिवलीला घरी आले तर डबाभर डिंकाचे लाडू तयार. सासूबाईंनी हौसेनं गूळ घालून केलेले. त्यात शेजारणींनी त्यांच्या मनात भरवलं, की सुनेच्या दुधात साखर उतरणार, नातीला बाधणार, त्यापेक्षा डब्याचं दूध सुरू करा. मुलगी पदराखालून काढून घेतात की काय, याचीच मला धास्ती.

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच चालत दवाखान्यात गेल्या, नंबर लागेपर्यंत बसल्या आणि सरळ विचारून आल्या, की माझ्या नातीला आईचं दूध बाधेल का. बाधणार नाही, उलट दोघींच्या भल्याचंच आहे, असं उत्तर मिळालं. घरी येताच त्यांनी लाडवांचा डबा भाचीकडे धाडला. डिंक तळला, खोबरं भाजलं, मेथी कुटली आणि गुळाशिवाय लाडू वळले. मेथीच्या कडूपणानं पहिला घास मला गिळवेना. माझा चेहरा बघून त्यांनी एक लाडू स्वतः उचलला.

"एकटीनं नको खाऊ गं. आपुन दोघी खाऊ."

सव्वा महिना त्यांनी तेच खाल्लं. ताटात भात मोजका, नाचणीची भाकरी, शेपूची भाजी, तीही दोघींना सारखीच. पाजता पाजता माझा डोळा लागला तर मुलीच्या मानेखाली हात देऊन बसायच्या.

दवाखान्यातून निळं औषध आणलं होतं. त्यात लघवीचे थेंब टाकून नळी उकळायची. साखर असली की रंग हिरवा, पिवळा, विटकरी होत जायचा. चिमट्यात नळी धरायचं काम त्यांचंच. दीड महिन्यानं पाणी निळंच राहिलं. त्यांनी नळी उजेडात धरून दोनदा पाहिली आणि धुऊन ठेवली.

मुलीला मी दोन वर्षं पाजलं. दरवर्षी रक्त तपासायला सासूबाईच मला घेऊन जायच्या, अगदी लावणीच्या घाईतसुद्धा. पुढं लोधिवलीच्या एका बाळंतिणीची अशीच साखर निघाल्याचं कळलं, तेव्हा त्या तिच्या सासूला भेटून आल्या. तिथं काय बोलणं झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या बाळंतिणीनं मूल अंगावरच पाजलं.